शनिवारची मोजणी

जैसलमेरला कंपनी हाती आली, तेव्हा मी दर शनिवारी जवानांची डेडलिफ्टची कमाल मोजायचो. खडकवासल्यापासूनचं वेड, फळ्यावर आकडा वाढलाच पाहिजे! दोन महिने आकडे हलेनात. मग एका नायकाची कंबर धरली. बीपीईटीच्या ५ किलोमीटरमध्ये कायम पुढे असणारा गडी.

"साहेब, सोमवारपासूनच शनिवार डोक्यात असायचा," एमआय रूममध्ये तो म्हणाला.

चूक माझीच. रोपटं रोज उपटून मुळं बघत होतो. मोजणी १२ आठवड्यांवर नेली. मधे आठवड्यातून दोनदा पाच-पाचचे सेट, दोन रेप अंगात शिल्लक ठेवून. हे शिल्लक ठेवणंच पोरांना जड गेलं, मला जास्त. नायकानं तीन महिन्यांनी रिकाम्या बारपासून सुरुवात केली. प्लेटा मीच लावायला गेलो. "नको साहेब, अजून नको," म्हणाला.