टाकीखालचं गाळणं

मुलानं विषय काढला तेव्हा मी गहू निवडत होते. "आई, हॉलमध्ये सहा फुटांची माशांची टाकी ठेवायची म्हणतोय. खाऱ्या पाण्याची." जैनथमध्ये खारं पाणी! पैनगंगा जवळ आहे, पण समुद्र कुठल्याही बाजूनं शेकडो किलोमीटर. उन्हाळ्यात पारा 45च्या घरात, आणि वारा सुटला की वीज गेलीच.

जीव कोंडून ठेवायचे कशाला, हे माझं पहिलं बोलणं. त्यावर घरात दोन दिवस काय झालं ते सांगत बसत नाही. शेवटी मी म्हटलं, "आणायचीच असेल तर गाळणं कुठलं घ्यायचं ते मी ठरवीन."

या घरात आले तेव्हापासून गाळणं माझ्याकडेच आहे. सासूबाई दुपदरी जाड कापडातून पाणी गाळायच्या. मग ते कापड उलटं धरून त्यावर गाळलेलं पाणी ओतायच्या आणि ती जिवाणी परत त्याच विहिरीत सोडायच्या. त्यासाठी बुडाला कडी असलेली वेगळी बादली होती. वरून ओतायचं नाही, पाण्याला टेकवून मग उलटी करायची. मला तेव्हा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू.

टाकीचं गाळणं मात्र उलटंच निघालं. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे सगळे सच्छिद्र दगडांत वस्ती करून राहतात. म्हणजे आपण गाळण्यानं जीव बाजूला काढतो, आणि तिथे जीव हेच गाळणं!

मुलाला कॅनिस्टर आवडला होता. बंद डबा, दिसायला नीटनेटका. मी विचारलं, "वीज गेली तर?" पाणी थांबलं की बंद डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, आतले जिवाणू मरतात आणि वीज आल्यावर ती सडकी घाण टाकीत जाते. आमच्याकडे हे चालणारच नाही. म्हणून टाकीखाली उघडा सम्प घेतला. वरचं पाणी कडेवरून खाली येतं, पिशवीतून गाळलं जातं, स्किमरमधून आणि दगडांवरून फिरून पंपानं पुन्हा वर जातं. सम्प कधी काठोकाठ भरायचा नाही. वीज गेल्यावर वरचं थोडं पाणी उतरतं, त्याला जागा हवी. पहिल्याच दिवशी मुद्दाम बटण बंद करून पाहिलं, तर फरशीवर पाणीच पाणी! वर जाणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीलगत हवेसाठी बारीक भोक हवं होतं, ते पाडायचं राहिलं होतं. त्यामुळे नळीतून पाणी उलटं ओढलं गेलं. पुसलं मीच.

स्किमर मला सर्वांत पटला. तुरीच्या डाळीला उकळी आली की फेस वर येतो ना, तसंच. बारीक बुडबुड्यांना घाण चिकटते आणि वरच्या पेल्यात साचते. गोड्या पाण्यात इतके बारीक बुडबुडे टिकत नाहीत, म्हणून ही सोय खाऱ्या पाण्याचीच. आमचं पाणी सुमारे 700 लिटर; स्किमर 1000 लिटरचा घेतला. लिटरला 35 ग्रॅम धरून मीठच जवळजवळ 25 किलो लागलं, तेही स्वयंपाकाचं नव्हे. पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राची किंमत मी लिहीत नाही, आमचे हे वाचतील.

जांभळ्या दिव्याच्या नळीला, म्हणजे यूव्हीला, मी नाही म्हटलं. दुकानदार मोठ्या हौसेनं सांगत होता, पाण्यातले सगळे जंतू मारते. मुलगा म्हणाला, "उद्या मासे आजारी पडले तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. त्याच दुकानात पोवळ्याचे तुकडेही दाखवले. 2001 पासून आपल्याकडे पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मुलानंच ते बाजूला सारले आणि सिरॅमिकचे दगड घेतले. एवढं बरं वाटलं मला.

टाकी पिकवायला आधी एखादा मासा सोडतात, जगला तर जगला, असं कुणी सांगितलं. ते मी होऊ दिलं नाही. शुद्ध अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागरच, थेंबाथेंबानं घातला. सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले.

टाकीत मासे अजून नाहीत. खाद्याच्या डब्यावर पहिलाच घटक 'फिशमील' लिहिलाय. तो डबा ओट्यावर ठेवायचा नाही, इतकंच सध्या ठरलंय.

परवा रात्री दोनला वीज गेली. आवाज बंद झाला म्हणून मला जाग आली. टॉर्च घेऊन खाली वाकले. सम्पमधलं पाणी काठाच्या दोन बोटं खाली थांबलं होतं, बॅटरीचा हवेचा पंप सुरू झाला होता. मुलगा डोळे चोळत आला. "आई, झोप ना. आत अजून कुणी नाही."

"आहेत," मी म्हटलं आणि वीज येईपर्यंत तिथेच पाट घेऊन बसले.