घुं आणि स्स्स

मंडळी, बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगितलं तर हसाल. एका डबीपायी महिना गेला!

आमच्याकडे पूर्वी एचएमव्हीचा फिएस्टा होता. पिन टेकवली की कुमारजी सुरू. तो कधीच मोडीत गेला, रेकॉर्डी मात्र मी जपल्या. यंदा मुलाने नवा टर्नटेबल पाठवला. हौसेने घरच्या अँप्लिफायरला जोडला, तर आवाज शेजारच्या बिऱ्हाडातून आल्यासारखा, बारीक आणि किनरा. तानपुरा तर गायबच. वाटलं, रेकॉर्ड झिजली. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, फोनो स्टेज कुठाय?"

मी जन्मभर मराठी शिकवलं, तरी समजलं ते सांगतो. खर्ज जसाच्या तसा कोरला तर रेकॉर्डवरच्या खाचा फार रुंद होतात, मग गाणं मावायचं कुठे? म्हणून कोरतानाच खर्ज दाबतात आणि वरचे बारीक आवाज चढवतात. वाजवताना बरोबर उलटं करायचं. त्यात खरखरही कमी होते. याचं माप १९५४ साली अमेरिकेत ठरलं, त्याला आरआयएए म्हणतात. शिवाय आजच्या मॅग्नेटिक पिनेतून येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट, ते शंभरेक पट वाढवायचे. ही दोन्ही कामं त्या डबीची. फिएस्टाची पिन सिरॅमिकची, तिचा आवाज मुळातच दांडगा, म्हणून तेव्हा हे काही कळलंच नाही.

भाच्याने ऐकायला दोन डब्या आणून दिल्या. एक स्वस्त, दुसरी तिच्या चौपट किमतीची. पहिल्याच रात्री दोन्हींतून "घुं". आता शीळफाट्याला राहणाऱ्याने घुं ऐकून काय ठरवावं? पनवेलकडचे ट्रेलर रात्री दोनलासुद्धा घुमत असतात. मी चक्क खिडक्या बंद करून बघितल्या. शेवटी दोष सापडला माझ्यातच. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर मी डबीच्या स्क्रूला लावलीच नव्हती. लावली, घुं गेला.

मग दोन्ही डब्या मला अगदी सारख्या! स्वस्तच ठेवावी, पेन्शनीतून पैसे कशाला घाला, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात नात म्हणाली, "आजोबा, या छोट्या डबीतून स्स्स येतंय."

"कुठे?"

"गाणं सुरू व्हायच्या आधी. आत्ता. ऐका ना!"

मी कान स्पीकरला लावला. काही नाही. दुसरी लावली, तेव्हा म्हणाली, "आता गेलं." मी तिला पाठमोरं बसवून चार वेळा डब्या बदलल्या. चारही वेळा तिने बरोबर सांगितलं. (मास्तरची खोड, परीक्षा घेतल्याशिवाय राहवत नाही.) वयाबरोबर वरचे आवाज आधी जातात हे वाचलं होतं. पण ते गेल्याचं आपल्याला कळत नाही, हे त्या दिवशी कळलं. कुमारजींच्या गाण्यातलं अजून काय काय मला येईनासं झालंय, कोण जाणे.

सौ. म्हणाली, "अहो, तुम्हाला ऐकूच येत नाही, तर महागाची कशाला?"

तिचं बरोबर होतं. पण रेकॉर्डी पुढे नातीकडेच जाणार. मी महागाची ठेवली.

काल रविवारी नात आली होती. मी रेकॉर्ड लावली, डोळे मिटून बसलो. थोड्या वेळाने तिने उठून आवाज कमी केला.




"किती मोठ्याने लावता हो, आजोबा!"