गळे बदलणारी

रोटरी क्लबच्या अध्यक्षाची कॉलर ही शर्टाच्या कॉलरीची कोणी लागत नाही. निळी मखमली फीत, चांगली चार बोटं रुंद. दोन्ही खांद्यांवरून छातीवर उतरते आणि टोकाला तळहाताएवढं सोनेरी चाक लोंबतं. फितीवर ओळीनं पितळी पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एक नाव आणि एक जोडवर्ष. पालखीमार्गावरच्या एका तालुक्याच्या गावातली जी कॉलर मला ठाऊक आहे, तिच्यावरच्या पट्ट्या चाळिशी ओलांडून गेल्या आहेत. घालणारा माणूस त्या वजनानं आपोआप किंचित पुढे वाकतो, आणि फोटोत तो फार नम्र वगैरे दिसतो.

चाकाकडे नीट पाहावं. २४ दाते, ६ आरे, मधोमध भोक आणि भोकाच्या कडेला एक चौकोनी खाच. ही खाच मागाहून आली. आधीच्या चाकाला ती नव्हती, तेव्हा इंजिनियर मंडळींनी हरकत घेतली की खाचेत पाचर बसल्याशिवाय चाक दांड्याला धरत नाही, नुसतं जागच्या जागी गरगरतं. ते पटलं, आणि १९२०च्या दशकात खाच पडली. क्लबातल्या बहुतेकांना दात्यांचा आकडा तोंडपाठ असतो. खाचेची गोष्ट मात्र एखाद्या वर्कशॉपवाल्या सभासदालाच माहीत असते.

कॉलर स्वभावानं थोडी मानाची भुकेली आहे. साप्ताहिक सभेला अध्यक्ष खिशाला पिन लावून आले तरी चालतं. ती बाहेर पडते ती पाहुणे असले की. डीजी, म्हणजे डिस्ट्रिक्ट गव्हर्नर, यांच्या भेटीला ती हवीच. एरवी सेक्रेटरीच्या घरच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी, डब्यात पडून असते. डब्यात तिच्याबरोबर सभेची घंटा आणि लाकडी हातोडाही असतो. पण त्यांचं आणि तिचं विशेष जमत नसावं. ते दर आठवड्याला राबतात, फोटो हिचे निघतात.

नियम मात्र ती एकच पाळते आणि तो कडक पाळते: एक गळा, एक वर्ष. १ जुलैला चढायचं, ३० जूनला उतरायचं. ही तारीख कुठल्या शुभ मुहूर्तावरून आलेली नाही. १९१३ साली हिशेबतपासनिसांच्या सांगण्यावरून रोटरीनं आपलं आर्थिक वर्ष ३० जूनला संपवायचं ठरवलं, ते आजतागायत चालू आहे. लायन्सचं वर्षही जुलै ते जून, इनरव्हीलचंही तेच. ज्या तालुक्यात पतसंस्थेचा चेअरमन वीस-वीस वर्षं खुर्ची सोडत नाही, शिक्षणसंस्थेचं सेक्रेटरीपद बापाकडून मुलाकडे जातं, दूध संघाच्या निवडणुकीत डोकी फुटतात, त्याच तालुक्यात दरवर्षी एक माणूस भर सभेत, सगळ्यांदेखत, हसतमुखानं गळ्यातली सत्ता काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि वर त्याला पुष्पगुच्छ देतो. मला तर हा सोहळा क्लबाच्या बाकी कुठल्याही प्रकल्पापेक्षा थोर वाटतो. त्या सत्तेत फारसं काही नसतं, हे कारण आहे खरं. पण पतसंस्थेच्या खुर्चीत तरी असं किती असतं?

कॉलरीचं वर्ष धावपळीनं सुरू होतं. १ जुलैला डॉक्टर दिन, त्याच दिवशी सीए दिन आणि महाराष्ट्रात वसंतराव नाईकांच्या जयंतीचा कृषी दिनही तोच. म्हणजे गळ्यात पडल्या पडल्या तिला सकाळी सरकारी दवाखान्यात गुलाबाची फुलं वाटायला जावं लागतं, दुपारी सीएंच्या ऑफिसात पेढे, संध्याकाळी शाळेच्या कुंपणाला वडाची रोपं. मग पदग्रहण समारंभ, त्यात नूतन अध्यक्षांचं ‘माझ्या वर्षातले संकल्प’ हे भाषण. सप्टेंबरात शिक्षकांचे सत्कार, पुढे मोतीबिंदूचं शिबिर, जयपूर फूटचं शिबिर, हिवाळ्यात कॉलेजच्या मुलांसाठी नेतृत्व शिबिर. मार्च येतो तेव्हा निम्मे सभासद इन्कम टॅक्सात बुडालेले असतात आणि कॉलर निवांत डब्यात झोपते.

खरी परीक्षा जूनमध्ये. गेल्या जुलैत केलेल्या संकल्पांची यादी कोणीतरी काढतं. डिस्ट्रिक्टला वर्षाचा अहवाल जायचा असतो, त्यावर गुण आणि गुणांवर बक्षिसं. आणि नेमक्या त्याच महिन्यात शाळा उघडतात. त्यामुळे महाराष्ट्रातल्या सगळ्या सेवाभावी क्लबांना जूनमध्ये एकाच वेळी वह्यावाटपाचा पाझर फुटतो. एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बघितलंय, आठवड्याच्या आत तीन क्लब वह्या घेऊन आले. पोरांनी तिन्ही वेळा सारख्याच उत्साहानं टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापिकांनी तिन्ही वेळा फळ्यावर रंगीत खडूनं स्वागत लिहिलं. शाळेला खरं तर पत्र्यावर टाकायला कौलं हवी होती. उन्हाळ्यात वर्गात बसवत नाही. पण कौलांचा फोटो कुठून काढणार?

पालखी असली की जून आणखी अवघड होतो. वारकऱ्यांच्या पायाला तेल चोळायचं, फोड आले असतील तर मलमपट्टी, ओआरएसची पाकिटं, पाऊस असला तर प्लॅस्टिकचे रेनकोट. हे काम क्लब मनापासून करतो. एरवी सभेत पंखा कमी फिरतो म्हणून कुरकुरणारे सराफ त्या दिवशी रस्त्यावर मांडी घालून अनोळखी माणसाचे पाय मांडीवर घेतात. पण पंचांग रोटरीचं वर्ष मानत नाही. २०२४ साली देहूहून पालखी २८ जूनला निघाली, आळंदीहून २९ला. मार्गावरची बहुतेक गावं आली ती जुलैत. तयारी एका अध्यक्षानं करायची आणि गजरात कॉलर दुसऱ्याच्या गळ्यात! अशा वर्षी मावळत्या अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा असतो. वारकऱ्याला अर्थात याची कल्पनाही नसते. तो पाय पुढे करतो, माउली म्हणतो आणि निघतो.

जूनचं तिसरं काम पैशाचं. रोटरी फाउंडेशनला वर्षाची देणगी ३० तारखेच्या आत पोचली पाहिजे. एक हजार डॉलर देणारा पॉल हॅरिस फेलो होतो, त्याला वेगळी पिन. शेवटच्या पंधरवड्यात अध्यक्ष, ट्रेझरर आणि दोन पास्ट प्रेसिडेंट असे मिळून सभासदांच्या दुकानी जातात, चहा पितात, पावसापाण्याचं बोलतात आणि मग मूळ विषयावर येतात. हा फंड सुरू झाला तो १९१७ साली आर्च क्लम्फ यांनी अटलांटाच्या अधिवेशनात मांडलेल्या कल्पनेतून, आणि त्यात पहिली देणगी पडली २६ डॉलर ५० सेंटची, कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून. आज या देणगीची एक खुबी फार थोड्यांच्या ध्यानात येते. वार्षिक निधीत दिलेला पैसा लगेच खर्चायला मिळत नाही. तो तीन वर्षं गुंतवला जातो आणि मग त्याचा निम्म्याच्या आसपासचा भाग डिस्ट्रिक्टकडे प्रकल्पांसाठी परत येतो. म्हणजे या गळ्याच्या काळात गोळा केलेल्या पैशातून डायलिसिसचं यंत्र येणार ते आणखी तीन गळे बदलल्यावर. फीत कापणारा वेगळाच असणार. तरीही दुकानदुकान फिरून पैसे जमवणारा अध्यक्ष मला या सगळ्या मंडळींत जास्त आवडतो.

महिनाअखेरीला सराफ सभासद कॉलर घरी नेतो, रिठ्याच्या पाण्यानं पट्ट्या घासतो आणि नवी पट्टी कोरून बसवतो. त्या वेळी सवड काढून तिला नीट वाचावं. नावांपुढे व्यवसाय लिहिलेला नसतो, पण गावात कोण काय करायचं हे सगळ्यांना पाठ. पहिल्या पट्ट्या वकिलांच्या, डॉक्टरांच्या, कापडाच्या पेढीच्या. मग साखर कारखान्याचे केमिस्ट, बँकेचे मॅनेजर, हायस्कूलचे मुख्याध्यापक. पुढे खतं-बियाणांची दुकानं, मग सिमेंट आणि बिल्डर, अलीकडे कोचिंग क्लास आणि डायग्नोस्टिक सेंटर. १९०५च्या २३ फेब्रुवारीला शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर आणि एक शिंपी यांच्याबरोबर बसला, तेव्हापासून प्रत्येक धंद्यातला माणूस क्लबात असावा ही पद्धत. त्या पद्धतीमुळे गावाचा पैसा कुठून कुठे सरकला हे कॉलरीवर आपोआप कोरलं गेलं. शेतकरी मात्र एकाही पट्टीवर नाही. तालुका शेतीचा, कृषी दिन दरवर्षीचा, आणि पट्टी एकही नाही. यावर काय बोलायचं?

बाईच्या नावाची पट्टी फार उशिरा आली. रोटरीनं बायकांना सभासदत्व खुलं केलं तेच मुळी १९८९ साली, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर दोन वर्षांनी. जगाच्या रोटरीच्या अध्यक्षपदी पहिली बाई, कॅनडाच्या जेनिफर जोन्स, २०२२-२३मध्ये बसल्या. पूर्वी सभासदांच्या बायका ‘ॲन’ म्हणून ओळखल्या जात आणि उखाणे, रांगोळी, फेलोशिपचा मेनू एवढं त्यांच्याकडे असे. गावातल्या पहिल्या बाई अध्यक्षांच्या खांद्यावर चढल्यावर कॉलरीची पंचाईत झाली. कोटाच्या मापानं शिवलेली ती, रेशमी पदरावरून सारखी घसरायची. शेवटी बाईंनी दोन सेफ्टी पिना मारून तिला जागच्या जागी गप्प बसवली.

२०२०-२१ची पट्टी इतरांसारखीच चकचकीत आहे. त्या वर्षी पदग्रहण झूमवर झालं. कॉलरीचा डबा सॅनिटायझर मारून घरपोच गेला आणि अध्यक्षांच्या बायकोनं ती नवऱ्याच्या गळ्यात घातली. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. पुढच्या एप्रिल-मे महिन्यात मात्र तो माणूस ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर गाडीत घालून रात्री-अपरात्री गावभर फिरला. कॉलर त्या काळात एकदाही डब्याबाहेर आली नाही.

आता तिच्याबद्दलचं माझं गाऱ्हाणं. दर जुलैला नवा गळा, म्हणून दर जुलैला नवा प्रकल्प. मागच्याचं पुढे चालवलं तर आपलं नाव कसं व्हायचं? शाळेच्या आवारात सहा नळांचं हात धुण्याचं केंद्र उभं राहतं, त्यावर चाकाचं चित्र आणि अध्यक्षांचं नाव. दीड वर्षात चार नळ गळायला लागतात, पाचवा कोणी काढून नेतो. पुढचे अध्यक्ष त्याच शाळेत ई-लर्निंगचा संच देतात, त्याचं वर्षभरात वीजबिल थकतं. तिसरे वॉटर फिल्टर. दुरुस्ती हा प्रकल्प नव्हे, त्याला गुण नाहीत. हातोडा आणि घंटा यांनी याबद्दल कॉलरीला कधीतरी विचारायला हवं.

पण त्याच क्लबाचं रुग्णसाहित्य केंद्र बघा. एका मेडिकल दुकानाच्या मागच्या खोलीत व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, आणि आता ते कॉन्सन्ट्रेटरही. अनामत भरायची, आजारी माणसासाठी वस्तू न्यायची, काम झालं की परत. वर्षानुवर्षं चालू आहे. कोणत्या अध्यक्षानं सुरू केलं यावर पास्ट प्रेसिडेंटांमध्ये दोन मतं आहेत, याचा अर्थ ते आता सगळ्यांचं झालंय. गावात म्हातारं माणूस पडलं की लोक ‘रोटरीकडून खुर्ची आण’ म्हणतात; अध्यक्ष कोण, हे विचारत नाहीत.

आणि पोलिओ. रोटरीनं १९८५ साली जगातून पोलिओ घालवण्याचा विडा उचलला. २००९मध्ये एकट्या भारतात ७४१ रुग्ण होते, २०१०मध्ये ४२, २०११मध्ये एक: हावडा जिल्ह्यातली मुलगी, १३ जानेवारी. २७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. सरकारी नर्सबाई, अंगणवाडी सेविका, आशा यांच्या पायपिटीचं ते यश आहे आणि रोटरीवाले बूथवर टेबल-खुर्च्या, चहा, पिवळी जाकिटं घेऊन बाजूला उभे होते. १९८५पासून २०१४पर्यंत गावोगावच्या कॉलरींनी एकोणतीस गळे बदलले आणि एकाही अध्यक्षाला म्हणता आलं नाही की हा माझ्या वर्षातला प्रकल्प. म्हणूनच तो तडीस गेला, असं माझं मत आहे.

तेव्हा या जुलैत ज्यांच्या गळ्यात ती पडणार आहे त्यांना एक विनंती. पहिल्या बोर्ड मीटिंगला नव्या संकल्पांआधी मागच्या पाच पट्ट्यांची यादी मागवा: कोणी कुठल्या शाळेला, कुठल्या दवाखान्याला काय दिलं आणि त्यातलं आज काय चालू आहे. दोन सभासदांनी मोटरसायकलवरून एक रविवार फिरलं तरी ही यादी होते. जाताना एक पाना आणि नळाचे वायसर बरोबर ठेवा. हार्डवेअरचं दुकान क्लबातल्याच कोणाचं तरी असतं.