लक्ष्मीबाईंची चूल

मातृत्वाचा गौरव मराठीत इतका सहज आणि इतका वारंवार होतो की त्या गौरवाखाली आईचे रोजचे काम, म्हणजे दळण, रांधणे, आजाऱ्याची शुश्रूषा आणि संपत आलेल्या डब्यातून आणखी एक जेवण काढणे, बहुधा दिसेनासे होते. या कामालाच उपासना मानणारी दृष्टी ज्या प्रदेशात फार जुनी आहे, त्यात हिंगोली जिल्ह्याचा समावेश करावा लागतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि नामदेवांच्या घरची दासी म्हणवणारी जनाबाई शेजारच्या गंगाखेडची. जनाबाईबरोबर विठ्ठल जात्यावर बसून दळू लागतो, या कल्पनेत देव देव्हाऱ्यातून उठून कष्टाच्या जागी येतो, हे वारकरी परंपरेचे मोठे धाडस आहे.

याच परंपरेचे बोट धरून मराठी ख्रिस्ती साहित्यातला एक प्रवाह उभा राहिला. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पाण्याचा संस्कार स्वीकारून ख्रिस्ती मंडळीत प्रवेश केला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत, आणि त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त वारकऱ्यांच्या विठाईसारखा माउली होऊन येतो. पण देवाला आई म्हणणे ही कवीची गोष्ट झाली. आईपण प्रत्यक्ष निभावून त्यातून श्रद्धेपर्यंत पोचण्याचा मार्ग पाहायचा तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्याकडे वळावे लागते, आणि तो मार्ग त्यांच्या स्वयंपाकघरातून जातो.

लक्ष्मीबाईंच्या माहेरी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात, वडिलांचे सोवळे, म्हणजे स्पर्शाच्या विटाळापासून अन्न, वस्त्र आणि देह जपण्याचा आचार, वेडाच्या टोकाला गेलेले होते आणि बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घेतली जात नसे, असे त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ सांगते. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या दृष्टीने चूल ही कुंपण घातलेली जागा असणार, हे उघड आहे. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झाले, आधीची अपत्ये दगावल्यावर १८९१ मध्ये मुलगा दत्तू झाला, आणि तो चार वर्षांचा असतानाच पतीने धर्म बदलला. पुढची काही वर्षे या आईने मुलाला घेऊन पंढरपुरात आणि अन्यत्र नातलगांच्या आधाराने काढली. नंतर ती अहमदनगरला पतीकडे गेली, तरी स्वयंपाक आणि पिण्याचे पाणी मात्र वेगळेच ठेवून.

विशेष हे की त्यांच्या परिवर्तनाची सुरुवात ग्रंथवाचनाने झाली नाही. जात देवाने केलेली नसून माणसाने केली, हे एकदा मनाशी पटल्यावर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निर्णय त्यांनी घेतला, आणि ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, १९०० मध्ये राहुरीत, त्यानंतर आला. श्रद्धेने आधी हात बदलला आणि मग नाव, असा हा क्रम आहे. धर्मांतराच्या चर्चेत नेमका तोच दुर्लक्षिला जातो.

त्याच सुमाराच्या भीषण दुष्काळात टिळकांनी अनाथ मुले घरी आणली. उपाशी माणसाला दिलेला घास आपल्यालाच पोचतो, असे ख्रिस्त सांगतो, ही मत्तयाच्या शुभवर्तमानातील शिकवण टिळकांना पाठ होती. तिचा रोजचा हिशेब मात्र लक्ष्मीबाईंकडे होता, कारण मिळालेला पैसा देऊन टाकण्याची पतीची सवय आणि वाढत जाणारी पंगत यांचा मेळ कोणाला तरी घालावा लागणारच. दानाचे पुण्य एकाच्या खात्यावर आणि पिठाची चिंता दुसऱ्याच्या माथी, ही वाटणी संतांच्या संसारांतही दिसते. उदात्त हेतूची भाषा ही वाटणी झाकते. लक्ष्मीबाई ती झाकत नाहीत, उलट तिच्यावर खळखळून हसतात, आणि हसता हसता ताट वाढतात. ज्या चुलीभोवती बाहेरच्या सावलीलाही मज्जाव होता, तिच्याभोवती आता ज्यांची जात विचारायलाही कोणी उरले नव्हते अशी पोरे बसली. जन्म दिलेले आणि न दिलेले मूल यांतला भेद त्यांनी तत्त्वज्ञान सांगून मिटवला नाही. एकाच पातेल्यातून सगळ्यांना वाढल्यावर तो ठेवायचा कुठे?

आईच्या कामातून उपासनेकडे जाणारी ही वाट पुढे संस्थेतही दिसते. हिंगोलीच्या लगतच वाशीम येथे नाझरेन या ख्रिस्ती मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय १९३८ मध्ये सुरू झाले. डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी ते उभारले. बाळंतिणींच्या खाटांपाशी चालणारी ही सेवा त्याच वाटेवरची, मात्र तिला संस्थेचे छप्पर होते. लक्ष्मीबाईंना ते फारसे नव्हते.

टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’, म्हणजे ख्रिस्तचरित्राचे ओवीबद्ध काव्य, अपुरे होते, आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचले. तरीही वाचकांनी जवळ केले ते १९३४ पासून भागाभागाने आलेले ‘स्मृतिचित्रे’. धर्माची अधिक पटणारी साक्षही याच पुस्तकात आहे. ‘ख्रिस्तायन’मध्ये ख्रिस्ताचे वर्णन करावे लागते, येथे तो न सांगता पंगतीत येऊन बसतो.