आत्याचे कवेलूचे घर

गेल्या मे महिन्यात मुलांना घेऊन आम्ही नागपूरहून लाखांदूरला आत्याकडे गेलो. उमरेड, भिवापूर करीत एसटी पवनीला आली. इथल्या जगन्नाथ टेकडीत १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप निघाला, हे मुलांना सांगितले. "विटांचा? आणि इतकी वर्षे टिकला?" थोरल्याने विचारले. तो प्रश्न मनात घेऊनच आम्ही लाखांदूरला उतरलो.

हा धानाचा मुलूख. आत्याचे घर जुने, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींचे, वर बांबू आणि कवेलू. बाहेर ऊन भाजून काढत होते. आत पाय ठेवला आणि जीव थंड झाला. कारण साधे आहे. जाड भिंत सावकाश तापते; दिवसाचा ताप आत पोचेपर्यंत सांज होते. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. माती गावची, बांबू जवळचा. घर पडले तरी त्याची पुन्हा मातीच होते.

शेजारचे घर नवे, पातळ भिंतींचे आणि टिनाचे. त्या घरची माणसे रात्री अकरालाही अंगणात खाटा टाकून बसलेली.

सिमेंट तयार करताना चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते. त्यासाठी इंधन जळते, आणि खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड निघतो. जगात माणसाच्या उद्योगाने हवेत जाणाऱ्या या वायूचा सुमारे सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. उन्हाळे कडक होत आहेत, त्यात हाही हातभार.

आम्ही म्हणालो, "आत्या, तुमचे घरच बरे." आत्या चिडली. "थंड आहे बाप्पा, पण सारवता सारवता माह्या हाताची सालं गेली, हेबी लिव्हा. अन् पूर आला का भिंत बसते."

आत्याचे खरे आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तेव्हा या तालुक्यात पाणी शिरले. मातीची भिंत पायथ्याशी भिजली की बसतेच. आणि कितीतरी गावांत आपली वस्ती सखल बाजूलाच राहिली. पाणी आधी आपल्याच दारात येते. शहरातले लोक मातीच्या घराचे कौतुक करतात, पण पक्के घर हा आपल्या माणसांचा हक्क आहे. आत्याला घरकुल मंजूर झाले आहे. ते पक्केच व्हावे. प्रश्न एवढाच, की ते भट्टीसारखे तापू नये.

त्यावर उपाय आहेत. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि केरळात आयुष्य घालविलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७-२००७) यांनी गरिबांसाठी स्वस्त घरे बांधून दाखविली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावल्या, की भिंतीत पोकळी राहते. सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतली हवा ताप अडवते. स्लॅबमध्ये खालच्या बाजूचे काँक्रीट फारसा भार पेलत नाही. तिथे सळ्यांच्या मधल्या चौकटींत कवेलू बसविले, तर सिमेंटही वाचते आणि घरही कमी तापते. मात्र हे जाणत्या मिस्त्रीकडून आणि अभियंत्याला विचारूनच करावे. कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांतील राखेच्या विटांना भट्टी लागत नाही. जोते पुराच्या खुणेपेक्षा उंच, दगडाचे घ्यावे. समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात, छज्जा पुढे काढावा. पश्चिमेला कडुनिंब लावावा. त्याला तर पैसाही लागत नाही.

रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली आम्ही हे सारे वहीवर काढून दाखविले. आत्या बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माहे कवेलू फेकाचे नाही?"

सकाळी निघालो तेव्हा ती नातवाला घेऊन परसातले सुटे कवेलू निवडत होती. फुटके एकीकडे, धड एकीकडे.

वाचकहो, ज्यांची घरकुले मंजूर झाली आहेत त्यांनी जुने घर पाडण्याआधी एक दिवस थांबावे. त्यातले काय काय नव्या घरात नेता येईल, ते घरातल्या बाईमाणसांना विचारून ठरवावे. त्या घरात दुपार त्यांनाच काढायची असते.