गोळी वाजते तेव्हा

गुळव्यामामांनी उकळत्या काईलीतून थोडासा पाक उचलला, गार पाण्यात सोडला, बोटांनी वळून त्याची गोळी केली आणि काईलीच्या काठावर मारली. लगेच ओरडले, "उतरवा!" माणसं धावली. माझा कॅमेरा तेव्हा चुलवाणातल्या जाळाकडे वळलेला होता.

"मामा, एकदा परत कराल?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. काईल वाफ्यात ओतून झाल्यावर घाम पुसत म्हणाले, "आता कुठलं परत, पोरी? पाक फिरला की."

कोल्हापूरजवळच्या गुऱ्हाळावर जानेवारीतल्या त्या रात्री मी माझा पहिला माहितीपट करत होते. दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प, सहा मिनिटांची मर्यादा, दोन रात्रींपुरता भाड्याचा कॅमेरा आणि आम्ही तिघं. वर्गातल्या सरावात दृश्य बिघडलं की पुन्हा घेत होतो. इथं पुढचं आधण तयार व्हायला अडीच-तीन तास लागणार होते, आणि तोवर काय करायचं हेही मला सुचत नव्हतं.

बाहेरच्या थंडीतून आत आल्यामुळं वाफेनं लेन्सवर दव धरलं, त्यात पहिला अर्धा तास गेला. पहाटे घरी येऊन चित्रीकरण पाहिलं तर ट्यूबलाइटखालच्या प्रत्येक दृश्यात काळसर पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/५० ला हवं होतं, आम्ही ते १/६० वर ठेवलं होतं. डोळ्यांना न दिसणारी ती लुकलुक कॅमेऱ्यानं टिपली होती.

पण खरा घात आवाजानं केला. चरकाच्या मोटारीच्या घरघरीत मामांचं बोलणं बुडालं होतं. तीस वर्षांच्या कामाबद्दल ते वीस मिनिटं माझ्याशी बोलले होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द एकही लागत नव्हता. मला रडू आलं. माणसानं विश्वासानं काही सांगावं आणि ते आपल्या हातून हरवावं, याचं ते रडू होतं.

दुपारी सरांना दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "हेडफोन कुणाच्या कानावर होते?" कुणाच्याच नव्हते. माइक कॅमेऱ्यावरचा, आवाजाची पातळी स्वयंचलित. आम्ही तिघंही बघत होतो. ऐकत कुणीच नव्हतं.

कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ मी लहानपणापासून बघत आले आहे. १९१८ मध्ये बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा तयार केला, हे आमच्याकडं अभिमानानं सांगतात. सिनेमा म्हणजे कॅमेरा, हे माझ्या डोक्यात तिथूनच बसलं असावं. पण १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा बोलपटही 'प्रभात'नं कोल्हापुरातच केला होता. आवाजाचा स्तंभ मात्र आमच्या गावात नाही.

दुसऱ्या रात्री कॅमेरा मैत्रिणीकडं दिला आणि हेडफोन मी घातले. पहिलं आधण नुसतं ऐकलं. रस तापताना खळखळ करतो. मळी काढून झाल्यावर तो आवाज हळूहळू जड होत जातो, शेवटी बुडबुडे गदगद फुटायला लागतात. घट्ट ढेपेसाठी पाक साधारण ११८ अंशांपर्यंत जावा लागतो, असं मी वाचून गेले होते. मामांकडं तापमापक नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "रंग बघून चुकतंय. दिव्याखाली तर लईच चुकतंय. गोळी वाजली पायजे." गार पाण्यात कडक झालेली गोळी काठावर मारली की टणकन् वाजते. मऊ असेल तर नुसता थप्प आवाज येतो, मग पाक आणखी थोडा वेळ चुलीवर राहतो.

पहिल्या रात्री मी ज्याला हाताची सवय समजले, ते ऐकणं होतं!

एक अडचण उरलीच. तो आवाज हवा तर मोटार बंद हवी, आणि मोटार बंद म्हणजे पुढच्या आधणाचा रस थांबणार. हे मागताना जीभ अडखळली. मालक गप्प राहिले. मामाच म्हणाले, "दोन मिंटं. जास्त न्हाई." मी माइकची काठी काईलीच्या काठाजवळ नेली. वाफेनं हात भाजत होता.

मोटार थांबली आणि गुऱ्हाळ एकदम मोकळं झालं. चिपाडाचं तडतडणं, लांब कुठंतरी कुत्रं. मामांनी पाक उचलला, पाण्यात सोडला, गोळी वळली.

टण्.

ते ओरडले नाहीत. आधी माझ्याकडं बघितलं.

"आली का?"

मी मान हलवली. "आली."

"उतरवा!"