मासा शोधायचा तर काठ हवा

‘मासा लागणं हा नशिबाचा भाग आहे,’ असं म्हणणारा माणूस एक तर पहिल्यांदाच तळ्यावर आलेला असतो, नाही तर त्याला पाणी वाचायचा कंटाळा असतो. मासा तळ्यात कुठेही नसतो. तो ठरावीक जागी उभा असतो आणि त्या जागेला कारण असतं. कारण कळलं की जागा सापडते. दैव, मुहूर्त, नवस यांचा इथे काहीही संबंध नाही. आमच्या दोंडाईच्याच्या आसपासची गावतळी, पाझर तलाव आणि केटीवेअरचे डोह बघत मी हे शिकलो. पण हे शिकताना एक वेगळाच प्रश्न समोर आला. मासा कुठे आहे हे कळायला तळ्याच्या काठावर वर्षानुवर्षं बसावं लागतं. तो काठ आजवर कुणाला मिळाला, आणि उद्या कुणाला मिळणार?

आधी माशाबद्दल बोलू.

अमेरिकेत घराजवळच्या छोट्या तळ्यांत लोक लार्जमाउथ बास नावाचा मासा शोधत फिरतात. हा दबा धरून शिकार करणारा मासा. बुडालेलं झाड, पाणवनस्पतीची कड, पाण्यावर पडलेली सावली, उथळ पाणी अचानक खोल होतं ती उतरण, अशा आडोशाला तो थांबतो आणि समोरून जाणारं भक्ष्य गिळतो. बास आपल्या तळ्यांत नाही. पण त्याच्यासारखीच सवय असलेला आपला मासा आहे : मरळ. बासचे ठिकाण शोधायचे बरेचसे नियम मरळीलाही लागू पडतात. आणि मरळ एक जादा खूण देते. तिला कल्ल्यांशिवाय हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, म्हणून ती मधूनमधून वर येते. पाण्यावर ‘बुळुक’ असा आवाज होतो, एक वर्तुळ उमटतं आणि विरतं. काठावर शांत बसलेल्या माणसाला ते दिसतं. मोबाईलवर गाणी लावून आलेल्याला दिसत नाही.

वर्तुळ दिसलं की आजूबाजूला काय आहे ते बघायचं. पाणकणसाची कड आहे का? बेशरमाचं बेट आहे का? वेड्या बाभळीची फांदी पाण्यात पडली आहे का? मरळ बहुधा अशा जागेच्या अगदी कडेला असते, मधोमध नाही. सकाळी आणि दिवस मावळताना ती उथळ काठाला येते, वैशाखाच्या दुपारी सावलीत किंवा खोलात जाते. वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे पाण्यावरचं सूक्ष्म खाद्य गोळा होतं, त्यामागे बारीक मासे आणि त्यांच्यामागे मोठे. पहिल्या पावसात नाल्याचं ताजं पाणी तळ्यात शिरतं, तेव्हा त्या तोंडाशी हालचाल वाढते. पहाटे कटला-रोहू पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर त्यांना भूक लागली असं समजू नका. पाण्यातला प्राणवायू कमी झालाय, तळं आजारी आहे, असा त्याचा अर्थ.

पावसाळ्यात कधी काठालगत लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर खदखदताना दिसतो. त्याच्या खाली मरळीची जोडी राखण करत असते. तेव्हा गळ टाकणं सोपं असतं, कारण ती जवळ येणाऱ्या कशावरही झडप घालते. तेव्हा टाकू नये. राखणदार उचलला की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. पंचशील घेतलेल्या माणसाने तळ्यावर कशाला जायचं, असं काही कार्यकर्ते विचारतात. माझं उत्तर एवढंच : मी गळ क्वचित टाकतो, बघतो जास्त. पण ज्या घरात या माशाशिवाय दुसरं कालवण नाही, त्या घराला मी उपदेश करणार नाही.

हे मला शिकवलं भिल्ल वस्तीतल्या एका आबांनी. ज्वारीच्या धांड्याचा तुकडा दोऱ्याला बांधून ते गळ टाकत. मी विचारलं, ‘आबा, मासा कुठे आहे ते तुम्हाला कसं कळतं?’ ते म्हणाले, ‘भाऊ, मासा देखू नको, पानी देख.’ मी समाजशास्त्रात एम.ए. केलं. निरीक्षण, नोंद, पडताळा या शब्दांवर दोन वर्षं काढली. आबांची शाळा झालेली नाही, पण पद्धत तीच. बघा, अंदाज बांधा, करून पाहा, चुकलं तर सोडून द्या. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असं बुद्धांनी कालामांना सांगितलं होतं. मग आबांच्या या माहितीला आपण ज्ञान का म्हणत नाही? ज्याच्याकडे ती आहे त्याची जात बघून आपण नाव ठरवतो. प्राध्यापकाने सांगितलं तर शास्त्र, आबांनी सांगितलं तर ‘त्यांना सवयच असते’.

आता तळाकडे या. वरून दिसणारं सगळं वाचलं तरी उन्हाळ्यात मासा जातो कुठे? आमच्या भागातले अनेक पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातल्या कामांवर आणि पुढे रोजगार हमीवर तयार झाले. बांधाच्या गाभ्यात काळी माती, वरून मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडी अस्तर. ती माती आली कुठून? बरीचशी तलावाच्याच पोटातून. म्हणजे पाण्याखाली खड्डे आहेत, आणि मधून नाल्याचा जुना पाट गेलेला आहे. पाणी आटू लागलं की मासे याच पाटात आणि खड्ड्यांत जमतात. काठावरून हे दिसत नाही.

माझ्या आजीला मात्र ते माहीत होतं. दुष्काळात तिने डोक्यावर टोपली घेऊन तिथली माती वाहिली होती. सुकडी खाल्ली आणि खड्ड्याच्या मापावर मजुरी घेतली. ती गळ टाकत नव्हती, पण तळ्याकडे हात करून सांगायची, ‘तठे पानी आटत नही.’ मे महिन्यात मी जाऊन बघितलं. सगळं तळं भेगाळलेलं, आणि नेमकं तिथे कंबरभर पाणी. गाळाने बाकीचे खड्डे भरले होते, तो राहिला होता.

ज्यांनी खणलं त्यांना तळ माहीत. किती साधी गोष्ट! पण तलावाच्या कोनशिलेवर नाव पुढाऱ्याचं असतं, आणि मासेमारीचा ठेका निघतो तेव्हा खणणाऱ्यांना कुणी विचारत नाही. टोपली आमची होती. तलाव सरकारचा झाला, आणि काठ दांडग्यांचा.

काठाची लढाई आपल्याला नवीन नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने बोले ठराव केला, महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर तळं खुलं होतं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं, आणि त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट हे शब्द नावानिशी आले ते उगाच नाही. आपण त्या लढ्याकडे ओंजळभर पाण्याचा लढा म्हणून बघतो. तो काठावर निवांत बसण्याचाही लढा होता. ज्याला हाकलतील म्हणून घाईने घागर भरून पळावं लागतं, तो पाणी कधी वाचणार? पिढ्यान्‌पिढ्या काठ नाकारला, म्हणजे पाण्याबरोबर पाण्याचं ज्ञानही नाकारलं.

हे फक्त इथलं नाही. छोट्या तळ्यात बास कसा वाढतो याचा मोठा अभ्यास होमर स्विंगल यांनी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, ऑबर्न इथे केला. त्याच अलाबामाच्या मॉन्टगोमेरी शहरात उद्यानं कृष्णवर्णीयांना खुली करायची वेळ आली, तेव्हा शहराने १९५९ मध्ये सगळी उद्यानंच बंद केली आणि पोहण्याचा तलाव मातीने बुजवला. वाटून घेण्यापेक्षा बुजवलेलं बरं! महाडचे सनातनी आणि मॉन्टगोमेरीचे गोरे एकमेकांना ओळखत नव्हते, पण भाषा एकच बोलत होते.

आज कुणी ‘विटाळ होतो’ असं उघड म्हणत नाही. आज काठ दुसऱ्या नावांनी जातो. एक नाव ‘सुशोभीकरण’. तळ्याभोवती उभी सिमेंटची भिंत, पेव्हर ब्लॉक, जाळी आणि फाटकावर कुलूप. दुसरं नाव ‘खोलीकरण’. गाळ काढायलाच हवा, मी त्याच्या विरोधात नाही. पण जेसीबीने चारही बाजू सरळ उभ्या कापल्या की उथळ काठ संपतो, पाणकणीस संपतं, मरळीची अंडी घालायची जागा संपते. तिसरं नाव ‘ठेका’. अनेक ठिकाणी कागदावर मच्छीमार सहकारी संस्था आणि पाण्यावर भलताच ठेकेदार असतो, आणि गळ घेऊन बसलेल्या भिल्ल पोराला चोर ठरवलं जातं.

लक्षात घ्या, माशाला जो काठ लागतो तोच माणसाला लागतो : उतरता, मातीचा, सावलीचा, मोकळा. सरळ उभ्या भिंतीशी मरळही थांबत नाही आणि गरीब माणूसही.

म्हणून मित्रांनो, काम सांगतो. आपल्या गावातली तळी मोजा. त्यांचा ठेका कुणाकडे आहे, संस्थेचे सभासद खरे कोण आहेत, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारा. खोलीकरणाचं अंदाजपत्रक ग्रामसभेत मागा आणि एक बाजू उतरती, झाडोऱ्याची ठेवा असा ठराव घ्या. ७२ च्या कामावर गेलेल्या आज्या अजून काही घरांत आहेत. त्यांना तळ्यावर न्या, त्या दाखवतील ते खड्डे नकाशावर मांडा, नकाशावर त्यांचं नाव लिहा. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ नुसतं काठावर जाऊन बसा. मासा दिसेल न दिसेल. पण ज्या तळ्याच्या काठावर आपली माणसं रोज बसलेली असतात, त्याला कुलूप लावणं कुणालाही सोपं जात नाही.

जय भीम!